बॅटरीची आग आणि ओली गंजी



या सदरात आपण बहुधा पीक, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो शिवाराबाहेरचा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवी वस्तू शिरली आहे. ती म्हणजे लिथियमची बॅटरी. फवारणीच्या पंपात ती आहे, हातबत्तीत आहे, मोबाइलमध्ये तर आहेच. आता ती दुचाकीच्या बैठकीखाली आणि मोटारीच्या तळाशीही येऊन बसली आहे. मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जातो तेव्हा रस्त्यावर हिरव्या पाटीच्या गाड्या त्याला पावलोपावली दिसतात. कळव्यात, डोंबिवलीत कामाला असलेल्या मुलाने विजेची स्कूटर घेतली, असे गावोगावच्या बैठकांत लोक सांगतात आणि लगेच विचारतात, “साहेब, ती पेटते म्हणे. खरे काय?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भीती घालूनही देता येते आणि “काही होत नाही” असे म्हणून झटकूनही टाकता येते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. तेव्हा आज जरा सविस्तर पाहू.

बॅटरीच्या पोटात काय असते?

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आपल्याला ठाऊक आहे. शिशाच्या पट्ट्या, आम्ल आणि वरून घालायचे पाणी. लिथियमची बॅटरी निराळी. सोनी या जपानी कंपनीने ती १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या कामावर ती उभी आहे, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ वीज साठवणे हा तिचा मोठा गुण. त्याच गुणात तिचा धोकाही आहे.

गाडीची बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे. तिच्यात शेकडो, कधी हजारो लहान घट असतात. प्रत्येक घटात दोन पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा. भोवती जो द्रव असतो तो पाणी नसून लवकर पेट घेणारे द्रावण असते. पडदा शाबूत आहे तोवर सारे ठीक. तो कुठे फाटला, वितळला किंवा त्याला भोक पडले, तर दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होते.

पुढे काय होते ते समजायला शास्त्राचे पुस्तक नको. ओल्या गवताची गंजी आठवा. गवत पुरते न वाळवता गंजी रचली, तर आतून ती तापू लागते. बाहेरून काही दिसत नाही. आत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली, की ताप वाढतच जातो आणि एके दिवशी कोणी काडी न लावता गंजी पेट घेते. बॅटरीचेही तसेच. घट साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की आतले थर विघटू लागतात आणि त्यातून आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळू लागतो. मग एक घट शेजारच्या घटाला तापवतो आणि तो त्याच्या पुढच्याला.

फरक दोन आहेत. गंजीला हे व्हायला कित्येक दिवस लागतात, बॅटरीला शेवटच्या टप्प्यात काही सेकंद किंवा मिनिटे पुरतात. दुसरे, गंजीला जळायला बाहेरची हवा लागते, तर काही प्रकारच्या बॅटऱ्यांत तापलेले रसायनच थोडा प्राणवायू सोडते. म्हणून वरून गोणपाट टाकून ही आग गुदमरत नाही.

बॅटरीत जातीही आहेत. एका जातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असते, दुसरीत लोह आणि फॉस्फेट. लोह-फॉस्फेटची जात उष्णता अधिक सोसते. ती जड असते, पण घरगुती वापराला अधिक सुरक्षित. दुकानात विचारताना हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र ती पेटतच नाही असे कोणी सांगितले, तर ते खरे मानू नये.

वसईतल्या दोन घटना

वसई आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तिथे २०२२ या एकाच वर्षी दोन घटना घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर पुष्कळ शिकायला मिळते.

पहिली जून २०२२ मधली. टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार वसई पश्चिमेला रस्त्यात पेटली. वृत्तपत्रांत आले त्याप्रमाणे मालकाने गाडी नेहमीच्या सावकाश चार्जरवर भारित केली होती. थोडे अंतर गेल्यावर गाडीतून वेगळा आवाज येऊ लागला आणि समोरच्या फलकावर धोक्याच्या खुणा लुकलुकू लागल्या. त्याने गाडी थांबवली आणि तो बाहेर पडला. गाडी जळाली, माणूस वाचला. केंद्र सरकारने चौकशीचे आदेश दिले. आपल्या ३० हजारांहून अधिक विजेच्या गाड्या मिळून १० कोटी किलोमीटर धावल्या असून अशी ही पहिलीच घटना आहे, असे कंपनीने त्या वेळी सांगितले.

दुसरी सप्टेंबर २०२२ मधली. वसई पूर्वेला एका घरात स्कूटरची बॅटरी काढून रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी झोपली होती. पहाटे स्फोट झाला. मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेला.

बॅटरी कोणती मोठी होती? मोटारीची. नेक्सॉनची बॅटरी ३० युनिट विजेची, तर स्कूटरची बहुधा दोन-चार युनिटांची. पण जीव गेला तो लहान बॅटरीने. कारण मोटार उघड्या रस्त्यावर होती, तिने आधी सूचना दिली आणि ती सूचना माणसाने ऐकली. स्कूटरची बॅटरी झोपलेल्या माणसांच्या खोलीत होती. बॅटरी केवढी आहे याइतकेच ती कुठे ठेवली आहे, याला महत्त्व आहे. या लेखातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

त्याच वर्षी इतरत्रही असेच घडले. मार्चअखेर पुण्यात लोहगावला एक स्कूटर रस्त्याकडेला उभ्या-उभ्या पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि वडील व मुलगी धुराने गुदमरून गेले. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधून जाणाऱ्या २० नव्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला इमारतीच्या खालच्या भागातल्या विजेच्या स्कूटरच्या दुकानाला आग लागली. धूर जिन्यावाटे वरच्या हॉटेलात चढला आणि ८ माणसे दगावली. वेल्लोर आणि सिकंदराबाद या दोन्ही ठिकाणी घात केला तो धुराने.

सरकारने काय केले?

या घटनांनंतर केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली. काही कंपन्यांनी आपल्या स्कूटरी तपासणीसाठी परत बोलावल्या. दुचाकी-तिचाकीच्या बॅटरीचे मानक, ज्याला ए.आय.एस. १५६ म्हणतात, ते कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एक घट पेटला तरी आग साऱ्या बॅटरीत पसरून माणसाच्या जिवावर येऊ नये, पाणी आत शिरू नये, बिघाडाची सूचना आधी मिळावी, भारित होताना प्रमाणाबाहेर वीज आत जाऊ नये, अशा चाचण्या त्यात आहेत. मोटारींसाठी ए.आय.एस. ०३८ हे मानक आहे. महाराष्ट्रात परिवहन खात्याने २०२२ मध्येच बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम उघडली होती.

याचा आपल्यापुरता अर्थ असा : ३१ मार्च २०२३ नंतर बनलेली, नव्या मानकाची गाडी घ्यावी. जुनी स्वस्त मिळते म्हणून घेताना बॅटरी कोणत्या साली बनली ते आधी पाहावे.

मग गाडी घ्यावी की नाही?

आकडे पाहू. स्वीडनच्या नागरी संरक्षण खात्याने २०२२ सालचा हिशेब दिला. तिथे सुमारे ६ लाख ११ हजार विजेच्या व चार्जिंगच्या हायब्रिड मोटारींपैकी २३ पेटल्या. पेट्रोल-डिझेलच्या सुमारे ४४ लाख मोटारींपैकी जवळजवळ ३,४०० पेटल्या. म्हणजे हजारी प्रमाण काढले तर विजेची मोटार कमी वेळा पेटते. जुन्या गाड्या अधिक पेटतात आणि विजेच्या गाड्या अजून नव्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे. तरीसुद्धा फरक मोठा आहे. गोठ्यात डिझेलचा कॅन ठेवून निश्चिंत झोपणाऱ्याने विजेच्या मोटारीला भिण्याचे कारण नाही.

परंतु पेटली तर मात्र ही आग विझवायला जड असते. एका नामांकित परदेशी मोटार कंपनीने अग्निशामक दलासाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात एका मोटारीच्या बॅटरीसाठी सुमारे ११ हजार ते ३० हजार लिटर पाणी लागू शकते, असे म्हटले आहे. आपल्याकडच्या १० हजार लिटरच्या टँकरने मोजले तर एक ते तीन टँकर. शिवाय विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते.

हायब्रिड मोटारीविषयीही लोक विचारतात. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि बॅटरी दोन्ही असतात. बहुतेक हायब्रिडची बॅटरी लहान असते, आणि काही गाड्यांत ती लिथियमची नसून निकेल-हायड्राइडची असते. पण पेट्रोलची टाकी आहेच, तेव्हा सावधगिरी दुहेरी. अशी गाडी किंवा विजेची गाडी अपघातात सापडली, तर तिच्यातल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये. त्यांत जिवावर बेतेल इतका दाब असतो.

चार्जिंगची जागा आणि जोडणी

पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतो, घरातल्या वायरिंगचा असतो. साध्या घरगुती चार्जरवर मोटार सव्वातीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढते. म्हणजे चार-साडेचार एच.पी.चा पंप सलग आठ-नऊ तास चालवण्याइतका हा भार आहे. शेतपंपाला आपण पंख्याची वायर जोडत नाही. मग मोटारीला का जोडावी?

त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. मोटारीसाठी मीटरपासून वेगळी, योग्य जाडीची तांब्याची वायर ओढून घ्यावी. १६ अँपिअरचे चांगले सॉकेट, स्वतंत्र एम.सी.बी. आणि गळती झाली तर वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवावे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

२. अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन सुकली की जुने अर्थिंग कुचकामी होते, हे पंपाच्या अनुभवावरून आपण जाणतोच.

३. एक्स्टेन्शन बोर्ड, दोन पिनांचा प्लग, सैल सॉकेट यांवर चार्जिंग करू नये. प्लग हाताला गरम लागला तर तो धोक्याचा इशारा समजावा.

४. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा.

५. उन्हातून, चढावरून गाडी आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-एक तास सावलीत निवू द्यावी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी चार्जिंग टाळावे.

६. सुटी होणारी बॅटरी झोपण्याच्या खोलीत, देवघरात दिव्याजवळ, स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ किंवा दाराच्या वाटेत कधीही चार्जिंगला लावू नये. ओटीवर, पडवीत, सिमेंटच्या जमिनीवर, भोवती चार-पाच फूट मोकळी जागा ठेवून लावावी. गादी, सतरंजी, पोती यांवर ठेवू नये.

७. शक्यतो जागेपणी चार्ज करावी. संध्याकाळी लावून निजायच्या आधी काढता येते. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर रोज शंभर टक्के भरण्याचा हट्ट नको, ८० टक्के पुरतात. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निम्मी भरलेली ठेवावी.

आता खास कळव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. कळवा-विटावा-खारेगावच्या बाजूला पूर्वी भातखाचरे आणि मिठागरे होती. आज खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये दाट वस्ती आहे. चाळीच्या गल्लीत बंब शिरायला जागा नसते. इमारतीत स्कूटरी जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांना टेकून उभ्या असतात. जिन्याखालची स्कूटर पेटली तर वरच्या साऱ्या कुटुंबांची एकच वाट बंद होते. सिकंदराबादला धूर असाच वर चढला. म्हणून तुमचा मुलगा, भाऊ, जावई शहरात राहत असेल तर त्याला आवर्जून सांगा : जिन्याखाली चार्जिंग नाही. सोसायटीने आवारात मोकळ्या जागी, मीटरपासून दूर, एक सामाईक सोय करावी. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडणे हा जुगाड परवडणारा नाही.

शेतावरची खास काळजी

शहरातल्या पुस्तिकांत नसलेल्या, पण आपल्या कामाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली फवारणी पंपाची. जुन्या पंपात १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असे. आता लिथियमचीही मिळते आणि तिच्यावरही ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले असते. पण तीन घटांची लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो. दोन्हींची पिन सारखी म्हणून जुना चार्जर नव्या बॅटरीला लावला आणि आतले संरक्षण कच्चे निघाले, तर ती प्रमाणाबाहेर भरून फुगते आणि पेटू शकते. घरात दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या असतील तर चार्जरला वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा. हे काम आजच करा.

दुसरी साठ्याची. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५ हे विद्राव्य खत, तसेच कॅल्शियम नायट्रेट ही खते आगीला जोर देतात. गंधकाची भुकटी जळली की घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. डिझेल, रॉकेल, कीटकनाशके यांविषयी सांगायला नकोच. ज्या खोलीत यांपैकी काही आहे, तिथे बॅटरी किंवा चार्जर ठेवू नये. गाडी पेंढ्याच्या उडवीजवळ, कडब्याच्या गंजीला लागून किंवा गुरांच्या गोठ्यात उभी करू नये. दाव्याला बांधलेले जनावर पळू शकत नाही.

तिसरी उंदरांची. धान्याच्या कोठीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. चार्जिंगच्या वायरीवर दातांचे वण दिसले, तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. वायर बदलावी.

चौथी रस्त्याची. विजेच्या मोटारीची बॅटरी तळाशी असते. बैलगाडीच्या चाकोरीतून, बांधावरच्या दगडावरून नेताना तळाला जोराचा मार बसला, तर गाडी चालते आहे म्हणून गप्प बसू नये. अधिकृत ठिकाणी खालून तपासून घ्यावी. मार लागलेला घट लगेच बिघाड दाखवील असे नाही. बटाट्याच्या ढिगात दबलेला एक बटाटा नंतर सडतो आणि शेजारच्यांनाही घेऊन बुडतो, तसे हे आहे.

पाचवी पाण्याची. पावसात भिजली म्हणून चांगली बॅटरी बिघडत नाही. पण गाडी पुरात बुडाली, आणि तेही खाडीच्या खाऱ्या पाण्यात, तर गोष्ट वेगळी. खारे पाणी वीज वाहून नेते आणि सुकल्यावर मागे राहिलेला क्षार आतले भाग गंजवतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०२२ च्या इयान वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या. ठाणे-कळव्याची खाडी आणि उल्हास नदीचा काठ यांना भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस म्हणजे काय, ते २६ जुलै २००५ ला कळलेच आहे. तेव्हा अतिवृष्टीचा इशारा मिळताच गाडी उंचावर न्यावी. बुडालीच, तर चालू करू नये, चार्जिंगला लावू नये. घरापासून व इतर गाड्यांपासून ५० फूट लांब ओढून ठेवावी आणि कंपनीच्या माणसाला बोलवावे.

धोक्याच्या खुणा आणि प्रसंग ओढवला तर

बॅटरी फुगणे, हात लावता येणार नाही इतकी तापणे, गोडसर किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येणे, फुस्स किंवा तडतड असा आवाज, ओल पाझरणे, चार्ज एकाएकी लवकर उतरू लागणे, फलकावर लाल खूण येणे. यांपैकी काहीही दिसले की वापर थांबवावा.

पांढरा धूर निघू लागला तर तो वाफेसारखा दिसतो. तो वाफ नव्हे. तो पेट घेणारा आणि विषारी वायू असतो. बंद खोलीत साठून त्याचाच स्फोट होतो आणि छत-भिंती पडतात. म्हणून :

पहिले काम माणसे बाहेर काढणे. लहान मुले आणि म्हातारी माणसे आधी. वाटेत असेल तर मुख्य बटण बंद करावे, त्यासाठी धुरात शिरू नये.

दुसरे, पेटती किंवा धुमसती बॅटरी उचलून बाहेर फेकण्याचा पराक्रम करू नये. हातात असतानाच ती फुटते. खोलीबाहेर पडून दार ओढून घ्यावे.

तिसरे, १०१ किंवा ११२ ला फोन करून “लिथियमची बॅटरी आहे” असे स्पष्ट सांगावे. मोटार असेल तर कोणत्या कंपनीची तेही सांगावे.

चौथे, पाणी. या आगीला थंड करणे हाच उपाय आणि त्याला पाण्यासारखे दुसरे काही नाही. पावडरचे नळकांडे ज्वाळा दाबते, पण आतला ताप उतरवत नाही. पंपाची किंवा मोबाइलची लहान बॅटरी असेल, वीज तोडलेली असेल, जागा उघडी असेल आणि पाठीमागे पळायला वाट असेल, तरच लांबून भरपूर पाणी मारावे. स्कूटर किंवा मोटार असेल तर स्वतः झुंजू नये. वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभे राहावे आणि आजूबाजूचा पेंढा, गुरे, वाहने हलवावीत.

पाचवे, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. १०८ ला फोन करावा. धूर छातीत गेला असेल तर माणूस वरून ठीक दिसला तरी दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसाची सूज कधी कधी काही तासांनी येते. कळवा परिसरातल्या लोकांना महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. गावाकडच्यांनी आपले जवळचे ठिकाण आधीच ठरवून ठेवावे.

खरेदी आणि जुनी बॅटरी

खरेदी करताना मानकाचा दाखला, बॅटरीची हमी आणि पक्के बिल मागावे. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली दुचाकी नोंदणीशिवाय चालते, पण तिलाही मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला लागतो. “नंबर नको, लायसन नको आणि तरी पन्नासने पळते,” असे दुकानदार म्हणाला तर समजावे की तिच्यात फेरफार झालेला आहे. तिथून काढता पाय घ्यावा. गल्लीतल्या कारागिराकडून घट बदलून घेणे, जास्त घट जोडून पल्ला वाढवणे हे वाचवलेल्या हजार-दोन हजारांसाठी घर पणाला लावणे आहे.

जुनी, फुगलेली बॅटरी माळ्यावर टाकू नये, उकिरड्यावर टाकू नये, भंगारवाल्याला देऊ नये, मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नये. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रावर द्यावी. देईपर्यंत घराबाहेर, सावलीत, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवावी.

शेवटी

भगिनींना एक खास विनंती. घरात रात्री शेवटची निजणारी आणि पहाटे पहिली उठणारी बहुतेक तुम्हीच असता. गॅसचे बटण बंद आहे ना, हे जसे तुम्ही पाहता, तसे बॅटरीचा प्लग काढला आहे ना, हेही पाहत जा. आणि पुरुषमंडळींनी ते काम त्यांच्यावर न टाकता स्वतः केले तर अधिकच उत्तम.

नवी वस्तू वाईट नसते. ट्रॅक्टर आला तेव्हाही लोक बिचकले, विजेचा पंप आला तेव्हाही. दोन्ही आपण अंगवळणी पाडले, पण पंपाच्या पेटीला ओल्या हाताने शिवू नये हेही शिकलो. बॅटरीचे तसेच आहे. पेंढा वाळल्याशिवाय उडवी रचायची नाही, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले. बॅटरी निजायच्या खोलीत लावायची नाही, हे आपल्या मुलांना आपण शिकवू या.

हा मजकूर कापून मीटरच्या पेटीशेजारी चिकटवून ठेवावा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा. पुढच्या खेपेस भाताच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, ते पाहू.